सुईचं टोक सापडलं पण सांगितलं नाही : फिनिशिंग खात्यातलं आणि घरातलं एक प्रकरण

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात फिनिशिंग खात्याला सुपरवायझर आहे, यंदा ११ वर्षं होतील. खाली लिहितेय ते गेल्या दिवाळीनंतर सुरू झालं आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत चाललं, म्हणजे अडीच महिन्यांची गोष्ट. कारखान्यात जे झालं तेच त्याच दिवसांत घरी पण झालं त्यामुळे दोन्ही एकत्रच लिहितेय, वेगळं करायला गेले तर अर्धंच समजेल.

आधी खातं कसं चालतं ते सांगते. मागावरून ताका म्हणजे अखंड कापड येतं, प्रोसेसला जातं, धुऊन रंगून आमच्याकडे येतं. मग लांबीत कटिंग, साइड हेमिंग म्हणजे कडेची शिलाई, आडवं कटिंग, क्रॉस हेमिंग, धागे कापणं, चेकिंग, घडी, पॅकिंग. १८ बायका आहेत. हेमिंगवाल्या पीस रेटवर म्हणजे जेवढे नग तेवढे पैसे, चेकिंग आणि घडीवाल्या रोजावर. भाषा म्हणाल तर सोलापूरच आहे, तेलुगू कन्नड मराठी दखनी सगळं एकाच टेबलाभोवती, घडी छान बसली तर कोणी तेलुगूत बागुंदी म्हणतं, कोणी कन्नडमध्ये चलो म्हणतं, कोणी भारी. पण हे शब्द कामावर फार कमी ऐकू यायचे. डाग, लूप (टॉवेलवरचा धाग्याचा फास) निघालाय, शिलाई वाकडी, हे शब्द दिवसातून शंभर वेळा.

आता सुईचं. एक्सपोर्टचा माल असला की सुईचा नियम फार कडक असतो. सुई तुटली की मशीन बंद करायची, तुटलेले सगळे तुकडे शोधायचे, जोडून बघायचं की अख्खी सुई होते का, ते तुकडे चिकटपट्टीनं रजिस्टरला चिकटवायचे, तारीख वेळ लिहून सही करायची, मग स्टोअरमधून नवी सुई मिळते. एक जरी तुकडा सापडला नाही तर त्या मशीनजवळचा सगळा माल बाजूला काढून तपासायचा. कारण उघड आहे, टॉवेल कुणाच्या तरी अंगाला लागणार असतो.

दिवाळीनंतरची ऑर्डर लहान बाळांच्या टॉवेलची होती. हेमिंगला एक अक्का आहेत, पंचेचाळिशीच्या, तेलुगू घरातल्या, फार बोलत नाहीत. संध्याकाळी सुटताना मी सवयीनं विचारलं, काय अक्का, कसं झालं आज काम? म्हणाल्या, काय नाही मॅडम, रोजचंच.

दोन दिवसांनी ऑडिटसाठी रजिस्टर चाळत होते तर त्याच दिवसाची त्यांची नोंद दिसली. सुई तुटलेली, मोठा तुकडा लगेच मिळाला होता, टोक मात्र गेलं होतं. दुपारी तीनला मशीन बंद, नवी सुई घेतली तीन पन्नासला. पानावर चिकटपट्टीखाली ते टोक होतं, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. मी त्यांना बोलावून विचारलं कुठं सापडलं, तर त्यांनी हातानंच दाखवलं, टॉवेल टेबलावर पसरायचा आणि तळहात लुपांच्या उलट्या दिशेनं हळूहळू फिरवत आणायचा, दोन्ही बाजूंनी, एक झाला की दुसरा. ढिगातले चाळीसएक टॉवेल त्यांनी असे बघितले. एकेचाळिसाव्यात की बेचाळिसाव्यात बोटाला टोचलं.

मी म्हणलं अहो अक्का, एवढं केलंत आणि त्या दिवशी विचारलं तर रोजचंच म्हणालात? त्या म्हणाल्या, सांगून काय मॅडम, सुई तुटलीच कशी म्हणणार, आणि पन्नास मिनिटं गेली ती गेलीच की, ती कोण देणार.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पीस रेट असल्यामुळे त्या दिवशी त्यांचे साठ-सत्तर पीस कमी भरले होते आणि तेवढे पैसे कमी झाले होते, म्हणजे एखाद्या बाळाच्या अंगाला सुई लागू नये म्हणून त्यांनी जे केलं त्याचा दंड त्यांनीच भरला. आणि सुई तुटलीच कशी हे वाक्य माझंच होतं. श्रावणात एका नवीन मुलीला मी सगळ्यांसमोर असं बोलले होते, ती पोरगी विसरली असेल पण बाकीच्या सतरा जणींनी ते लक्षात ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात घरी. आम्ही कुंभारीला गोदूताई परुळेकर नगरात राहतो, बिडी कामगार बायकांसाठी जी १०,००० घरं झाली आणि २००६ मध्ये मिळाली त्यातलं घर, सासूबाईंच्या नावावर आहे. संध्याकाळी मी भाकरी थापत होते. मुलगा आठवीत आहे, मागं येऊन उभा राहिला, म्हणाला आई गणितात २० पैकी १४ पडले. मागच्या चाचणीला ९ होते हे मला माहीत होतं. आणि मी भाकरी तव्यावर टाकता टाकता, मागं न बघता म्हणलं, सहा कुठं गेले?

भाकरीला पाणी फिरवून उलटेपर्यंत तो बाहेर निघून गेलता.

सासूबाई उंबऱ्याजवळ बसल्या होत्या. तीस वर्षांच्या वर त्यांनी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या, आता डोळ्यांना दिसत नाही म्हणून बंद. त्या मला कधी उलट बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, कारखान्यात बिड्या टाकायला गेलं की चेकर हजारातल्या खराब तेवढ्या काढून बाजूला फेकायचा, चांगल्याला कधी हात लावला नाही त्यानं, तसं बोललीस बघ तू पोराला.

हे मला लागलं, कारण चेकिंग हेच माझं काम आहे. दिवसभर डाग शोधायचे. तेच डोळे घेऊन मी घरी येत होते.

काही दिवस मी फक्त ऐकत राहिले, घरी कोण काय सांगतं आणि मी काय बोलते. नवरा यंत्रमागावर जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करून लावणारा. एकदा आला आणि म्हणाला, तो आठ दिवस बंद पडलेला माग आज लावला, कॅम म्हणून भाग असतो त्यात होता प्रॉब्लेम. मी मोबाइल बघत हं, बरं झालं म्हणलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला शेठनं चहा पाजला त्या मागाबद्दल, मी म्हणलं चहावरच भागवलं का, पगार वाढवा म्हणावं. यात माझं चुकीचं काही नव्हतं, पगाराचं खरंच आहे, पण तो माणूस ज्या गोष्टीनं खूष होऊन आला होता ती गोष्ट दोन्ही वेळा तिथंच राहिली.

ट्रेनिंगला एकदा एका बाईंनी एका अभ्यासाबद्दल सांगितलेलं आठवलं, मग घरी शोधून वाचलं. अमेरिकेत शेली गेबल म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर काम छापलं. आपल्या माणसानं चांगली बातमी सांगितली की आपण चारपैकी एका तऱ्हेनं वागतो असं त्यांनी मांडलंय. एक, मन लावून विचारतो, कसं जमलं, मग काय झालं. दोन, हं छान म्हणून सोडून देतो. तीन, त्यातली खोट काढतो. चार, ऐकलंच नाही असं करून आपलंच काहीतरी सुरू करतो. आणि नात्याला बळ येतं ते फक्त पहिल्यानं. माझी गोष्ट बघा, हं बरं झालं म्हणजे दोन नंबर, सहा कुठं गेले म्हणजे तीन नंबर. मला वाटायचं दोन नंबर म्हणजे काही वाईट नाही, निदान कौतुक तर केलं, पण नाही, तेवढ्यानं समोरच्याला ते पोचत नाही. २००६ मध्ये त्याच लोकांनी पुढं दाखवलं की प्रेमात असलेली जोडपी टिकणार का हे वाईट वेळी एकमेकांना कसा आधार देतात त्यापेक्षा चांगल्या बातमीला कसं उत्तर देतात यावरून जास्त नीट कळतं. मला हे वाचून आश्चर्य वाटलं, कारण आपल्याकडे अडचणीला धावून येणारी माणसं भरपूर, रात्री दोनला दवाखान्यात चार जण येतील, पण १४ मार्क ऐकायला थांबणारं कोणी नसतं.

मग मी ठरवलं खात्यात काहीतरी करायचं, आणि पहिल्यांदा जे केलं ते साफ चुकलं. ते कसं चुकलं हेच या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून सविस्तर सांगते.

मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, आजचं काम नावाचा. रोज सुटताना प्रत्येकीनं आज काय चांगलं झालं ते टाकायचं. पहिले दोन दिवस नुसते फुलांचे फोटो आणि नमस्कार. तिसऱ्या दिवशी हेमिंगच्या एका मुलीनं पीस टाकले, रोजच्यापेक्षा बरेच जास्त होते, आम्ही सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले, ती खूष. मग बाकीच्या पण पीस टाकायला लागल्या कारण दुसरं काय टाकायचं ते कुणाला सुचत नव्हतं, आकडा टाकणं सोपं. ग्रुपमध्ये आमचे मॅनेजर साहेब पण होते, मीच घेतलं होतं त्यांना, म्हणलं त्यांना पण दिसू दे.

नवव्या दिवशी सकाळी साहेब खात्यात आले आणि त्या मुलीचं नाव घेऊन म्हणाले, हिला एवढे जमतात तर तुम्हाला का नाही, आजपासून टार्गेट एवढं. झालं. दुपारच्या जेवणाला ती मुलगी डबा घेऊन एकटी जिन्याखाली बसली, कारण टेबलावर तिला जागाच दिली नाही कुणी. एक जण तिला म्हणाली, कशाला टाकलीस गं, आमच्या पोटावर. तीन दिवस ती एकटी जेवली. चौथ्या दिवशी तिचे पीस सगळ्यांच्या बरोबरीला आले, ती मुद्दाम हळू चालवत होती, मी मशीनचा आवाज ऐकून ओळखलं.

हे घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, म्हणून तर आपलं चांगलं कुणाला सांगू नये म्हणतात, नजर लागते. आधी मला हे जुन्या बायकांचं बोलणं वाटायचं. आता मला यात शहाणपण दिसतं. पीस रेटवर जगणाऱ्या माणसाचं कौशल्य जगजाहीर झालं की त्याचा रेट नाहीतर टार्गेट बदलतं, सासूबाईंच्या काळात जिचा हात जास्त चालायचा तिच्याकडं बोट दाखवून बाकीच्यांना बोलणी बसायची. तेव्हा बायका सांगत नाहीत ते लाजून नाही, हिशेब करून. लोकांना मोकळं बोला म्हणून काही होत नाही, त्यांनी सांगितलेल्याचं पुढं काय होणार याची हमी आधी द्यावी लागते.

मी ग्रुप बंद केला आणि टार्गेटचं घेऊन साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाहीत, त्यांच्यावर शिपमेंटचं प्रेशर असतं. त्यांना वाटत होतं त्यांनी त्या मुलीचं कौतुकच केलं. मी त्यांना दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या अमेरिकेतल्या संशोधकांचा अभ्यास. त्यांनी ७ कंपन्यांतल्या २३८ लोकांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, जवळजवळ १२,०००, आणि लोकांच्या सगळ्यात चांगल्या दिवसांपैकी ७६ टक्के दिवस असे निघाले की त्या दिवशी काम थोडंतरी पुढं सरकलं होतं. पण ६६९ मॅनेजरना विचारलं की कामाची ओढ कशानं टिकते, तर काम पुढं सरकायला मदत करणं याला त्यांनी शेवटचा नंबर दिला. साहेबांनी ऐकून घेतलं. पण त्यांच्यावर परिणाम झाला तो दुसऱ्या गोष्टीचा, सुईच्या रजिस्टरचा. मी ते पान उघडून समोर ठेवलं, टोक दाखवलं, अक्कांचे त्या दिवशीचे पीस दाखवले, आणि विचारलं, साहेब हे टोक बाहेर गेलं असतं तर ऑर्डरचं काय झालं असतं? ते बराच वेळ त्या चिकटपट्टीकडे बघत होते.

लगेच काही झालं नाही. तीन आठवडे गेले, मी आणखी दोनदा गेले. शेवटी ठरलं ते असं, टार्गेट जुनंच, आणि सुईचा तुकडा शोधण्यात गेलेल्या वेळेचे पैसे त्या बाईच्या रोजच्या सरासरीनं द्यायचे. हे दुसरं मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

मग दुसरा प्रयत्न. चारच्या चहाला पाच मिनिटं, सगळ्या टेबलाभोवती उभ्या. लिहायचं काही नाही, फोन बाजूला, आणि आकडा सांगायचा नाही. आपलं काही सांगावंसं वाटलं तर सांगा, नाहीतर दुसरीचं बघितलेलं सांगा, नाहीतर नुसता चहा प्या. ऐकणाऱ्यांनी एक तरी प्रश्न विचारायचा, आणि पण हा शब्द वापरायचा नाही. हा पणचा नियम सगळ्यात अवघड गेला, मला पण, रोज जिभेवर येऊन परत जायचा.

आपलं कोणी सांगेना. दुसरीचं मात्र सांगायला लागल्या, आणि हे मला आधी सुचलंच नव्हतं. स्वतःचं सांगितलं तर मिरवते म्हणतात, दुसरीचं सांगितलं तर कुणाला काही वाटत नाही. चेकिंगच्या एकीनं सांगितलं की अक्कांनी शिवलेल्या टॉवेलचा कोपरा कधीच दुरुस्तीला परत येत नाही, तर घडीवाल्या मुलीनं विचारलं, कोपऱ्याला काय करता तुम्ही? अक्का आधी गप्प, मग म्हणाल्या, कोपऱ्याच्या आधी पेडलवरचा पाय उचलते, चाक हातानं फिरवते दोन टाके. एवढंच. दुसऱ्या दिवशी तीन जणी कोपऱ्याला चाक हातानं फिरवत होत्या. ट्रेनिंगला आम्ही बाहेरून माणूस बोलवतो आणि हे आमच्याच टेबलावर कित्येक वर्षं बसलेलं होतं.

डिसेंबरात एक नवीनच भानगड झाली. सुईच्या रजिस्टरच्या नोंदी एकदम वाढल्या. साहेबांनी बोलावलं, म्हणाले हे काय, पैसे मिळतात म्हणून सुया तोडायला लागल्या का? मी पण घाबरले. मग स्टोअरचं इश्यू रजिस्टर काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून महिन्यामहिन्याच्या सुया मोजल्या. स्टोअरमधून जाणाऱ्या सुया जवळजवळ तेवढ्याच होत्या. आधी स्टोअरमधून जायच्या जास्त आणि रजिस्टरला चिकटायच्या कमी, कारण बायका वेळ जाऊ नये म्हणून बोथट झाली सांगून सुई बदलून घ्यायच्या. आता दोन्ही आकडे जुळत होते. म्हणजे सुया आधीपण एवढ्याच तुटत होत्या, आम्हाला कळत नव्हतं एवढंच. साहेबांनी हे दोनदा मोजून बघितलं आणि मग काही बोलले नाहीत. मला विचाराल तर अडीच महिन्यांत झालेलं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

घरी मी नियमबियम काही केला नाही, घर म्हणजे खातं नव्हे. फक्त ठरवलं की कोणी काही सांगायला आलं की हातातलं काम थांबवायचं आणि त्याच्याकडे तोंड करायचं. भाकरी तव्यावर असली तर गॅस बारीक करायचा. मुलगा महिनाभर काही बोललाच नाही, आणि ते बरोबरच होतं, एकदा अंगावर आलेलं माणूस लगेच विसरत नाही. मीच एकदा त्याला म्हणलं, त्या १४ मार्कांच्या वेळी मी चुकीचं बोलले, ९ चे १४ कसे केलेस ते मला विचारायचं होतं. तो म्हणाला आता काय त्याचं. पण रात्री झोपताना आपणहून सांगितलं, अपूर्णांक एका मित्राकडून भाकरीवर समजून घेतले, भाकरी मोडून. मी विचारलं कुणाच्या डब्यातली भाकरी? म्हणाला, आपल्याच.

नवऱ्याचं वेगळं. मागातलं मला समजत नाही असं मी धरून चालायचे आणि तोही धरून चालायचा. एका रविवारी मी म्हणलं, अहो कॅमचं काय झालतं ते सांगा तरी. त्यानं जेवणाच्या ताटावर बोटानं आकृती काढून दाखवली, वीस मिनिटं, आमटी गार झाली, मला अर्धं कळलं. पण लग्नाला सोळा वर्षं झाली आणि तो कामावर नक्की काय करतो ते मी पहिल्यांदा ऐकत होते.

सासूबाई राहिल्या होत्या. मुलानं एकदा विचारलं, आजी तू आज काय केलंस, तर म्हणाल्या, मी काय करणार बाबा आता, डोळं गेलं. पाणी आपल्याकडे रोज येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको. येतं त्या दिवशी घरात कोणीतरी असावं लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे कायम सासूबाई. मी संध्याकाळी यायचे, फरशी ओली दिसली की विचारायचे पाणी सांडलं का. इतकी वर्षं हेच विचारत होते. डोळ्यांना धड दिसत नसताना पाइप कुठल्या भांड्यात आहे, भांडं किती भरलं, हे त्या पाण्याच्या आवाजावरून ओळखतात, बॅरल भरत आला की आवाज बारीक होतो म्हणे. हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं जेव्हा मी फरशीचं सोडून विचारलं, की आई, तुम्हाला भरलेलं कळतं कसं?

गड्ड्याला आम्ही सगळे गेलो, खात्यातल्या चार-पाच जणी तिथं भेटल्या, ती जिन्याखाली बसलेली मुलगी पण होती. ती अजून चहाच्या वेळी स्वतःचं काही सांगत नाही, दुसरीचं पण नाही, नुसती उभी राहते. तिचे पीस अजून बरोबरीलाच आहेत. मी तिला दोनदा सांगितलं की टार्गेट वाढणार नाही, ती हो मॅडम म्हणते. तिच्या मनातलं अजून निघालेलं नाही आणि ते माझ्याकडून झालंय, त्याला माझ्याकडे सध्या उपाय नाही, वेळ लागेल. सुट्टीवरच्या साहेबांच्या जागी महिन्यासाठी दुसरे साहेब आलेत, ते आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांना दोन्ही रजिस्टर नेऊन दाखवली.

परवा दुपारी कामावर असताना सासूबाईंचा फोन आला. त्या कधी कामावर फोन करत नाहीत त्यामुळे माझ्या पोटात गोळा आला. म्हणल्या, काय नाही गं, पाणी आलतं, दोन्ही बॅरल, टाकी, सगळ्या घागरी भरल्या, एक थेंब सांडला नाही, सांगायला केला फोन.

मी चेकिंगचा टॉवेल खाली ठेवला आणि विचारलं, मोटर कुणी लावली आई?

मीच की, म्हणाल्या.